उद्याचं काय भिजत घातलंय?



स्मृती व्याख्यानमाला म्हटली की विषय भारदस्त लागतो. लोकशाही, पाणी, साहित्य, शेतीचं अर्थकारण असे विषय या व्यासपीठाला शोभतात. मी आज बोलणार आहे रात्रीच्या जेवणावर. वक्त्याला दुसरं काही सुचलं नाही, असं काहींच्या मनात आलंच असेल. पण इथून उठून आपण सगळे जाणार कुठे? जेवायलाच. आणि आपण इथे बसलेलो असताना घरी एक प्रश्न विचारून झालेला आहे: ‘आज भाजी काय करू?’ महाराष्ट्रात रोज संध्याकाळी किती घरांत हा प्रश्न निघत असेल, आणि किती घरांत त्याला उत्तर मिळत असेल? बहुतेक ठिकाणी ठरलेलं उत्तर येतं, ‘कर काहीही.’ विचारणारी एकटी असते, उत्तर देणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असतं, आणि घड्याळात सात वाजलेले असतात. सात वाजता घरात जे असेल तेच शिजतं, दुकान जवळ असेल तर पुडा फुटतो. आपण ज्याला रोजचा बेत म्हणतो तो पुष्कळदा बेत नसतोच. ती संध्याकाळी सातची धावपळ असते.

मी रात्रीचंच जेवण का निवडलं? दिवसभरात घर एका जागी जेवत नाही. मुलं शाळेत पोषण आहार घेतात, कामावर गेलेल्यांचा डबा असतो, शेतावर गेलेल्यांची भाकरी फडक्यात असते. सगळ्या घराचं ताट एकाच वेळी, एकाच भांड्यातून वाढलं जातं ते रात्री. घराचा अर्थसंकल्प रोज रात्री त्या पातेल्यात मांडला जातो आणि आरोग्यही तिथेच ठरतं. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर उठायचं आहे त्यांची सोय होईल. रात्रीच्या जेवणाचा विचार आपण भाजीपासून सुरू करतो, तो कडधान्यापासून सुरू करावा. तो त्याच संध्याकाळी न करता आदल्या रात्री करावा. आणि तो करताना घरातल्या शेवटी जेवणाऱ्या माणसाचा वाटा मोजून करावा. एवढं केलं तर ताट सकस होतं, खर्च आटोक्यात राहतो. बाकीचं व्याख्यान म्हणजे या तीन वाक्यांचा खुलासा.

पहिला मुद्दा, सुरुवात कुठून करायची. भाजीपासून सुरुवात केली की आपण बाजाराच्या हाती जातो. टोमॅटो २०२३ च्या जुलैत शंभराच्या वर गेला, काही शहरांत त्याच्याही पुष्कळ पुढे गेला. आणि तोच टोमॅटो संगमनेर-अकोल्याच्या शेतकऱ्याला कधी रस्त्यावर ओतावा लागतो, हेही आपण पाहतो. कांद्याचं वेगळं सांगायला नको, आपला अहिल्यानगर जिल्हा कांद्याचाच. भाजी नाशवंत आहे, म्हणून तिचा भाव उड्या मारतो. कडधान्याचे भावही चढतात. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशेपर्यंत गेली होती, ते कुणी विसरलेलं नसेल. पण कडधान्य एकच नाही. तूर चढली तर मटकी आहे, हुलगा आहे, हरभरा आहे, मसूर आहे. आणि ते डब्यात महिनोन्‌महिने टिकतं. जे टिकतं त्याचाच बेत आखता येतो. म्हणून पाया कडधान्याचा असावा, आणि भाजी बाजारात त्या दिवशी जी स्वस्त आणि ताजी असेल ती त्यावर यावी. भाजी कमी खा असं मी अजिबात म्हणत नाही, उलट जास्तच खायला हवी. फक्त घराचं नियोजन तिच्या भावावर टांगून ठेवू नये.

आता प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दोन हजार उष्मांकांच्या आहारात दिवसाला माणशी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम कडधान्य किंवा अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलीटर दूध, ३५ ग्रॅम तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल, असा तो हिशोब आहे. ग्रॅम कुणाच्या लक्षात राहतात? म्हणून त्याला आपल्या वाणसामानाच्या यादीत बसवू. पाच माणसांचं घर धरा. महिन्याला धान्य साडेसदतीस किलो, कडधान्य पावणेतेरा किलो. म्हणजे तिनास एक. घरात तीन किलो ज्वारी-बाजरी-गहू-तांदूळ आले, तर एक किलो डाळ-कडधान्य यायला हवं. अंडी-मटण खाणाऱ्यांनी त्यातून तेवढं वजा करावं. आज घरी गेल्यावर गेल्या महिन्याची किराण्याची यादी काढून हे प्रमाण तपासा. आणि तेल? २७ ग्रॅमच्या हिशोबानं पंधरा किलोचा डबा पाच माणसांना साडेतीन महिन्यांहून जास्त पुरला पाहिजे. तुमचा किती दिवस पुरतो, ते इथे हात वर करून सांगू नका. पैसा नेमका कुठे जातोय, ते त्या डब्याला विचारा. कडधान्याला परवडत नाही म्हणणारं घर पुष्कळदा तेलाला आणि पुड्यांना नकळत परवडवून घेत असतं.

धान्याला कडधान्याची जोड कुठल्या संस्थेनं आज शोधलेली नाही. ती या जिल्ह्याच्या रानात होती. खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी ही इथली जुनी रीत. बाजरीच्या पाभरीबरोबर तुरीच्या ओळी पडत, मटकी आणि हुलगा मिसळला जाई. बाजरी उथळ मुळांची, तूर खोल मुळांची, आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरून ठेवणाऱ्या. रानात जे शेजारी उभं राहायचं तेच ताटात शेजारी यायचं, भाकरी आणि आमटी. त्यात विज्ञानही आहे. धान्यात लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते कडधान्यात भरपूर. कडधान्यात मिथिओनीन कमी, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र खाल्ली की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. नुसती भाकरी अपुरी पडते आणि नुसती आमटीही. मग हे मोडलं कसं? १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानं शेतकऱ्याच्या हाती पैसा, मुलांच्या हाती शाळा दिली. त्याची निंदा करायला मी आलेलो नाही, आणि साखरेच्या जिल्ह्यात तशी हिंमत करणारा वक्ता परत बोलावला जात नाही! पण एक गोष्ट खरी. बाजरीत तूर राहू शकते, उसात ताटभर कडधान्य राहत नाही. रानातला बेत मोडला तेव्हा तो घरात जाणीवपूर्वक मांडायला हवा होता. ते आपण केलं नाही. आपल्याला वाटलं, पैसा आला म्हणजे ताट आपोआप भरेल.

ताट आपोआप भरत नाही याचा पुरावा याच जिल्ह्यातून देतो. दुसरा मुद्दा तोच. तीन तालुके, तीन साक्षी. पहिली साक्ष जामखेडची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले हे डॉक्टर. त्यांच्या लवकरच लक्षात आलं की लोक आधी औषध मागत नाहीत, पाणी आणि अन्न मागतात. त्यातच १९७२ चा दुष्काळ पडला. दुष्काळी मदतीतल्या सुकडीचे आणि लाल मिलो ज्वारीचे ते दिवस ज्यांना आठवतात, त्यांना मी काय सांगणार? आरोळे दांपत्यानं गावागावांतल्या बायका निवडल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, पुष्कळशा उपेक्षित जातींतल्या होत्या. त्यांना आरोग्याचं शिक्षण दिलं. बाळाला वरचं अन्न कधी द्यायचं, घरात असलेल्या धान्या-डाळीतून ते कसं करायचं, गरोदर बाईनं काय खायचं, हे त्या बायका आपल्या शेजारणींना आपल्या बोलीत सांगू लागल्या. १९७१ मध्ये त्या भागात हजारी १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला. हे सगळं श्रेय अन्नाचं नाही. लसीकरण, सुरक्षित बाळंतपण, स्वच्छ पाणी, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण सकस आहार हे तज्ज्ञांचं गुपित नाही, आणि पाटी न धरलेली बाईही ते समजून घेते, समजावून सांगते, हे जामखेडनं जगाला दाखवलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या तालुक्यातल्या चौंडीत अहिल्याबाई जन्मल्या, त्याच तालुक्यातून हा धडा निघाला. आपल्या जिल्ह्याच्या नव्या नावाला एवढा संदर्भ पुरेसा आहे.

दुसरी साक्ष बाजरीची. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांच्या कामातून ‘धनशक्ती’ नावाचं जास्त लोह असलेलं बाजरीचं वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात आलं. या बाजरीची परीक्षा याच जिल्ह्यातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर झाली. सहा महिने रोज दोन वेळा काहींना या बाजरीची भाकरी, काहींना साध्या बाजरीची. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मुलांत लोहाची कमतरता होती, त्यांच्यातली ती भरून निघण्याची शक्यता नव्या बाजरीच्या गटात दीडपटीहून जास्त होती. यातून धनशक्ती आणा एवढंच शिकायचं का? मिळाली तर जरूर आणा. पण त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मुलांना कुठलंही टॉनिक दिलं नव्हतं, भाकरीच दिली होती. मात्र ती रोज दिली, न चुकता, सहा महिने. शरीराला एखाद्या रविवारी केलेल्या पौष्टिक पदार्थाचं अप्रूप नसतं. त्याला रोजचं लागतं. आणि रोजचं म्हणजेच नियोजन. ओघानं एक गैरसमजही दूर करू. गूळ खाल्ल्यानं रक्त वाढतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. जेवणाशेवटीच्या गुळाच्या खड्यात लोह अगदी नगण्य असतं. ते बाजरीत, हुलग्यात, मटकीत, पालेभाजीत असतं. अंगी लागण्यासाठी त्याच्याबरोबर लिंबू, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो, म्हणजे क जीवनसत्त्व लागतं. लिंबाची फोड ही ताटाची सजावट नाही, ती त्या भाकरीतलं लोह सोडवून देते. आणि जेवणाला लागून घेतलेला चहा तेच लोह अडवतो. चहा सोडा म्हणत नाही, तासभर थांबा म्हणतो.

तिसरी साक्ष अकोले तालुक्याची. कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणं जपलं, बायफ संस्थेच्या साथीनं ते वाढवलं, वाटलं. २०१८ मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घातलं, २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्या होत्या. त्यांच्या बियाण्यांच्या घराबद्दल आपण कौतुकानं बोलतो आणि तिथेच थांबतो. त्यातला वाल पाहा, ज्याला आपण घेवडाही म्हणतो. त्याच्या किती तऱ्हा त्यांनी सांभाळल्या! वालाचा वेल कुंपणावर चढतो, त्याला वेगळं रान लागत नाही. शेंग कोवळी असताना ती भाजी, दाणा भरला की उसळ, वाळला की वर्षभराचं कडधान्य. म्हणजे ‘भाजी काय करू’ आणि ‘डाळ कोणती’ या दोन्ही प्रश्नांना एकच वेल उत्तर देतो. परसबाग हा शब्द आपण शहरात आल्यावर विसरलो. उपनगरातल्या गच्चीत दोन कुंड्या आणि एक दोरी, एवढ्यावरही वालाचा वेल भागवून घेतो. सगळ्या घराचं पोट त्यावर भरणार नाही हे उघड आहे. पण ज्या दिवशी बाजारात शेंग महाग असते त्या दिवशी दोरीवरची ओंजळभर शेंग उपयोगी पडते.

तिसरा मुद्दा, हे करायचं कसं. आपल्या भाषेत एखादा निर्णय लांबणीवर पडला की त्याला भिजत घोंगडं म्हणतात. स्वयंपाकघरात मात्र उलट आहे. तिथे जे भिजत घातलं तो निर्णय झाला. मटकी रात्री भिजते, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधली जाते, तिसऱ्या दिवशी मोड येतात. सोमवारी रात्री भिजवलेल्या मटकीची बुधवारी रात्री उसळ. हरभरा किंवा चवळी सकाळी कामावर जाताना भिजत टाकली तर रात्रीला तयार. तूर, मूग, मसुराच्या डाळीला भिजवण्याची गरज नाही. हुलग्याचं पीठ डब्यात असेल तर शेंगोळे ऐनवेळी होतात, आणि बेसन असेल तर पिठलं आहेच. पिठलं ही आपल्या संकटकाळची सोय, ती रोजची वापरू नये आणि हातची घालवूही नये. मग आठवड्याचा आराखडा किती अवघड आहे? दोन रात्री मोडाची उसळ, दोन रात्री वरण किंवा आमटी, एक रात्र शेंगोळे किंवा पिठलं, एक रात्र दाण्याची आमटी, एक रात्र ज्याला जे परवडतं आणि चालतं ते, म्हणजे अंडी, मासे, मटण किंवा पनीर. तपशील प्रत्येक घराचा वेगळा असेल. किती घ्यायचं? माणशी एक मूठ कोरडं कडधान्य. मूठ साधारण चाळीस ग्रॅमची भरते, म्हणजे दिवसाच्या ८५ ग्रॅमचा निम्मा वाटा रात्रीच्या ताटात आला.

भाजीचा बेत आठवडी बाजाराशी बांधावा. बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मेथी, शेपू, पालक, चुका, म्हणजे पाला. मग वांगी, दोडका, गवार, भेंडी. बाजार चार दिवसांवर गेला की भोपळा, दुधी, गाजर, बटाटा, म्हणजे टिकणारं. बाजाराच्या चौथ्या दिवशी सुकलेली मेथी फेकणारं घर भाजीचे पैसे देतं आणि भाजी खात नाही. फळाचंही तसंच. सफरचंदाच्या मागे न धावता राहात्याचा पेरू, श्रीरामपूरची मोसंबी हंगामात घ्यावी. आणि दळण! बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडवट होऊ लागतं, म्हणून बाजरी थोडी थोडीच दळावी लागते. ही बाजरीची खोड समजली जाते. मला तो तिचा गुण वाटतो, कारण ती घराला आठवड्याचा विचार करायला लावते. दळणाचा डबा उचलताना पुढच्या सात रात्री डोळ्यांपुढे आल्या पाहिजेत.

आता आक्षेप. काही इथे बसल्या बसल्या तुमच्या मनात आलेच असतील. पहिला आणि सगळ्यात वजनदार: ‘गरिबाला हे परवडेल का?’ राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घराला पंचवीस किलो. मघाचा हिशोब लावा, साडेसदतीसपैकी पंचवीस, म्हणजे धान्याचा दोन तृतीयांश भाग रेशनवर भागला. पण कायद्याच्या त्या हक्कात कडधान्याचा दाणाही नाही. तिनास एकमधले तीन सरकारनं बऱ्याच अंशी उचलले आणि एक पूर्ण तुमच्यावर सोडला. म्हणून घरानं एक करावं, रेशनमुळे धान्यावरचा जो पैसा वाचतो तो आधी कडधान्याच्या डब्यात घालावा. आणि आपण सगळ्यांनी मिळून एक मागावं, रेशनवर ज्वारी-बाजरी नियमित द्या, भरड धान्याची सोय त्या कायद्यात आहेच, आणि जोडीला डाळ द्या. पारनेरचा मूग, जामखेड-कर्जतची तूर आणि उडीद याच जिल्ह्यात पिकतात. पैशाच्या तुलनेत सांगायचं तर एक किलो डाळीत साधारण पस्तीस ते चाळीस अंड्यांइतकी प्रथिनं असतात. अंड्याचं प्रथिन दर्जानं वरचढ आहे, ते मान्य, आणि ज्याला चालतं त्यानं अंडं जरूर खावं. पण भाव विचारून दोन्हींची तुलना एकदा करून पाहा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचा विचार केला तर हे आणखी पटतं. सहा महिने कोपीत राहायचं, पहाटेपासून फडात राबायचं, फ्रीज नाही, बाजार लांब. तिथे टिकणारं, भिजवून फुगणारं, तीन दगडांच्या चुलीवर शिजणारं अन्न दुसरं कुठलं आहे?

दुसरा आक्षेप, वेळ कुणाला आहे? हा आक्षेप खरा आहे, पण तो कुणी घेतला हे पाहावं लागतं. बाईनं घेतला तर शंभर टक्के खरा. पुरुषानं घेतला तर त्याला विचारावंसं वाटतं, मटकी भिजत घालायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. त्याला पाककौशल्य लागत नाही, पाणी लागतं. भाकरी थापणं ही कला आहे, ती एका दिवसात येत नाही, हे कबूल. पण भिजवणं, फडक्यात बांधणं, निवडणं, दळण आणणं, बाजार करणं, एवढं तरी ‘कर काहीही’ म्हणणाऱ्यानं उचललं तर उरलेला अर्धा तास एकीवर जड होणार नाही. तिसरा आक्षेप, मुलं खात नाहीत, त्यांना पुड्यातलं लागतं. मुलं पुड्यातलं मागतात, कारण भूक लागते तेव्हा हाताशी पुडा असतो. सातच्या आधी पेरू, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, मोडाची भेळ हाताशी असेल तर ताटावर बसताना बिस्किटानं पोट भरलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला माणशी २५ ग्रॅमपर्यंत ठेवणं उत्तम. पाच माणसांना महिन्याला चार किलोंहून कमी झाली. बिस्किटातली, सरबतातली साखर त्यातच धरायची. चौथा आक्षेप, कडधान्यानं पोट फुगतं. एकदम वाढवलं तर फुगतंच. मुगापासून सुरू करा, रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, मोड येऊ द्या, हिंग-आलं घाला, हळूहळू वाढवा. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा तसा दुसरा आजार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ताट ठरवावं.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत नाजूक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ही २०१९ ते २१ ची पाहणी. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत तो ४८ टक्के होता. मधल्या काळात रस्ते आले, गॅस आला, मोबाइल वाढले, आणि रक्त कमी झालं. हे का होतं? मासिक पाळी आणि बाळंतपणामुळे स्त्रीला लोह पुरुषापेक्षा जास्त लागतं, हे शरीराचं कारण. दुसरं कारण ताटाचं आहे. पाहुणा आला की आपण आमटीत पाणी घालतो, आणि त्यात आपल्याला आपली मोठी माणुसकी वाटते. पण ते पाणी कुणाच्या वाट्याला येतं? पाहुण्याच्या नाही, कर्त्याच्या नाही, मुलांच्या नाही. मागच्या पंगतीला बसणारीच्या वाट्याला तळाची पातळ आमटी, उरलेली अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा येतो. जिला लोह सगळ्यांत जास्त लागतं तिला सगळ्यांत कमी मिळतं. पैसा वाढला म्हणून हे बदलत नाही. श्रीमंत घरातही मागची पंगत असते. हे बदलतं फक्त मोजण्यानं. म्हणून मी मघापासून ग्रॅम, किलो, मूठ असा रटाळ हिशोब सांगतोय. हिशोब झाला की वाटा ठरतो, आणि वाटा ठरला की तो शेवटच्या माणसाकडून सहजासहजी काढून घेता येत नाही.

श्रोतेहो, आवरतो. आपण पाहिलं ते एवढंच. बेत भाजीपासून न करता कडधान्यापासून करावा, धान्याला तिनास एक या प्रमाणात. जामखेडनं सांगितलं की हे ज्ञान सगळ्यांचं आहे, नगरच्या बाजरीनं सांगितलं की जे रोज होतं तेच अंगी लागतं, कोंभाळण्यानं सांगितलं की बी घरात हवं. करायचं कसं, तर आदल्या रात्री भिजवून, बाजाराचा दिवस आणि दळण ध्यानात ठेवून. रेशनमधून वाचलेला पैसा कडधान्यात घालावा, आणि रेशनवरही ते मागावं. आता तुम्ही घरी जाल, जेवण तयार असेल किंवा नसेल. ‘आज भाजी काय?’ असं विचारू नका, त्याची वेळ गेली. ‘उद्याचं काय भिजत घातलंय?’ असं विचारा. काही घातलं नसेल तर हात धुऊन डबा तुम्हीच उघडा. माणशी एक मूठ. मुठी मोजताना रांधणारी बहुधा स्वतःला मोजत नाही. घरात पाच माणसं असतील तर पाच मुठी घाला, चार नाही.